रंगमंचावरचा बर्फ आणि दादासाहेब फाळके





यंदाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात इयत्ता आठवी व नववीची मुले गंगावतरणाची नाटिका सादर करणार आहेत. भगीरथाची तपश्चर्या हिमालयातली. तेव्हा रंगमंचावर बर्फ पडला पाहिजे आणि पायांशी धुके तरंगले पाहिजे. आमच्या बहुतेक सुरती मुलांनी बर्फ पाहिला तो गोळ्याच्या गाडीवरचा! तालमीत एका विद्यार्थ्याने आम्हाला सरळ विचारले की हे सारे भाड्याने का आणू नये. लग्नात वरवधूच्या प्रवेशाला धुके सोडणारी यंत्रे आपल्या शहरात सहज मिळतात. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हाच गंगावतरणाचा प्रसंग १९३७ साली पडद्यावर आणणाऱ्या एका थोर कलावंताचे चरित्र आपणा सर्वांसमोर ठेवावे, असे आम्हाला वाटले. ते कलावंत म्हणजे भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान. त्यामुळे पुराणातील कथा त्यांना घरातच ऐकायला मिळाल्या. चित्रकलेची आवड पाहून १८८५ मध्ये त्यांना मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात घालण्यात आले. पुढे ते वडीलभावाबरोबर बडोद्यास आले आणि तेथील कलाभवनात शिकू लागले. आम्हा सुरतकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, कलाभवनाचे संस्थापक प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे आपल्या सुरतचेच सुपुत्र. त्यांनी या होतकरू तरुणाचे गुण ओळखले आणि छायाचित्रणाची प्रयोगशाळा त्याला वापरू दिली. शिक्षकाने विश्वासाने दिलेली एक किल्ली विद्यार्थ्याचे आयुष्य कसे उघडते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

१८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात फाळक्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि सुवर्णपदक मिळवले. म्हणजे चित्रपटाचा विचार मनात येण्याच्या कितीतरी आधी रंगमंच कसा असावा, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता.

परंतु पदक मिळाले म्हणून आयुष्य सोपे होत नाही. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. तेथे प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही गेले. खचलेल्या मनाने ते बडोद्यास परतले. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, अशी लोकांची समजूत होती, म्हणून तेथे फोटो काढून घ्यायला कोणी येईना. तेव्हा त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्याचे काम धरले. लहानसहान भूमिकाही केल्या. याच काळात बडोद्यास आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले. पुढे फाळके हे आडनाव उलटे वाचून प्रोफेसर केळफा या नावाने ते जादूचे प्रयोग करीत. विद्यार्थ्यांनी एकदा उलटे वाचून पाहावे, गंमत वाटेल.

चित्रकला, छायाचित्रण, पडदे रंगवणे, नाट्य आणि जादू. त्या वेळी ही सारी पोटासाठी केलेली धडपड वाटत होती. पुढे यांतली एकही विद्या वाया गेली नाही.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या सरस्वतीबाई. पुरातत्त्व खात्यातील नोकरी, मग ती सोडून छपाईचा व्यवसाय, त्यात भागीदारांशी मतभेद, असे चढउतार झाले. चाळिशीच्या सुमारास फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला आणि आपल्या देवदेवतांच्या कथा अशाच पडद्यावर याव्यात या विचाराने ते झपाटले. रात्रंदिवस अभ्यास करून डोळ्यांवर एवढा ताण आला की काही काळ दृष्टीच अधू झाली. उपचारांनी ती सावरली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले आणि कॅमेरा व इतर साहित्य घेऊन दोन महिन्यांत परतले.

भांडवल देणाऱ्यांना विश्वास वाटावा म्हणून त्यांनी प्रथम काय केले? कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची छायाचित्रे सुमारे महिनाभर नेमाने टिपली. पडद्यावर मात्र तो अंकुर डोळ्यांदेखत वर आला. पाहणाऱ्याला ती जादू वाटली. जादूगाराला ठाऊक होते की ती रोजच्या नेमाची कमाई आहे.

राजा हरिश्चंद्र हा त्यांचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लोकांसाठी प्रदर्शित झाला. तारामतीचे काम करायला कोणी स्त्री तयार होईना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली. सरस्वतीबाईंनी दागिने मोडायला दिले, सर्व मंडळींचा स्वयंपाक सांभाळला आणि रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोके पाडली. पडद्यावर त्या कोठेही दिसत नाहीत. पण त्यांच्या हातांवाचून ती फिल्म कॅमेऱ्यातून पुढे सरकली नसती.

हा चित्रपट आपल्या सुरतेतही आला होता. पहिल्या खेळाचे उत्पन्न अवघे तीन रुपये झाले, असे सांगतात. येथील प्रेक्षकांना थोड्या पैशांत सहा सहा तास नाटक पाहण्याची सवय. तासाभराचा खेळ त्यांना महाग वाटला. फाळक्यांनी चित्रपट लांबवला नाही. जाहिरात बदलली. तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र पाहा, अशा आशयाची ती जाहिरात होती. त्यानंतर सुरतकरांनी गर्दी केली. गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी एक काम देतो. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट. एका फुटात १६ चित्रे. एका मैलाचे ५,२८० फूट. छायाचित्रांचा आकडा बराचसा खरा आणि मैलांचा बराच फुगवलेला, हे तुमच्या लक्षात येईल. थोरांच्या बाबतीतही हिशेब आपला आपण करून पाहावा.

पुढे लंकादहन (१९१७), श्रीकृष्णजन्म (१९१८), कालियामर्दन (१९१९) असे चित्रपट आले. कालियामर्दनात त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती. देव प्रकट होणे, अदृश्य होणे, आकाशातून उडणे हे सारे त्यांनी कॅमेरा थांबवून, एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून, पडदे रंगवून साधले. गंगावतरण हा त्यांचा अखेरचा चित्रपट. तो बोलपट होता आणि तेव्हा त्यांचे वय ६७ होते. त्यानंतर त्यांना काम मिळाले नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे, बरेचसे विस्मृतीत गेलेल्या स्थितीत त्यांचे निधन झाले. १९६९ पासून त्यांच्या नावाने शासनाचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार दिला जातो. हा मान पाहायला ते नव्हते, याची खंत वाटते.

आता आपल्या बर्फाकडे वळू. या चरित्रातून आम्ही एकच गोष्ट घेतली. जो चमत्कार दाखवायचा, तो कसा घडतो हे दाखवणाऱ्याला पूर्ण ठाऊक असले पाहिजे. म्हणून यंत्र भाड्याने न आणता मुलांनी विज्ञान शिक्षकांबरोबर प्रयोग करून पाहिले.

बर्फासाठी पहिली सूचना कापसाची आली. ती आम्ही तत्काळ नाकारली. अनेक वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात कापसाच्या बर्फाला हॅलोजन दिव्याची धग लागून तो पेटलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. सुदैवाने पाण्याची बादली जवळ होती. २४ मे २०१९ रोजी सरथाणा येथील शिकवणी वर्गाच्या इमारतीला लागलेल्या आगीत २२ जणांचे प्राण गेले. त्या शहरातील शाळेने आगीशी खेळ करू नये. थर्माकोलही याच कारणाने बाद झाला. शेवटी उत्तरायणाच्या पतंगाचा पातळ पांढरा कागद कामी आला. मुलांनी त्याचे नखाएवढे तुकडे केले. लांब कापडाची झोळी करून तिला एका बाजूला चिरा दिल्या आणि ती रंगमंचावर दोन बांबूंना टांगली. एक दोरी हलकेच ओढली की तुकडे भिरभिरत खाली येतात. कागदही जळतोच, म्हणून झोळी दिव्यांपासून दूर आहे आणि दिवे कमी तापणारे एलईडीचे आहेत. प्रकाश समोरून टाकला तर बर्फ दिसतच नाही, बाजूने टाकला की प्रत्येक कण चमकतो, हा शोध नववीच्या मुलींचा. मागच्या पडद्यावरील शिखरांच्या सावल्यांना काळ्याऐवजी निळा रंग द्यावा, हेही त्यांनीच सुचवले.

धुक्यासाठी कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचे तापमान उणे ७८.५ अंश सेल्सिअस. तो गरम पाण्यात टाकला की पांढरे धुके उसळते. धुके दिसते ते पाण्याच्या सूक्ष्म थेंबांचे. वायू स्वतः अदृश्य आणि हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो, म्हणून सारे जमिनीलगत वाहते. यातच धोका आहे. हा वायू खोलगट जागी साचतो आणि तेथे श्वास घ्यायला प्राणवायू कमी पडतो. आपल्याकडे बालवर्गाची मुले रंगमंचाच्या अगदी पुढे, खाली सतरंजीवर बसतात. धुके ओसंडून नेमके त्यांच्यावरच उतरणार, हे तालमीत लक्षात आले तेव्हा आमच्या अंगावर काटा आला.

म्हणून पुढील गोष्टी ठरवल्या आहेत. बालवर्ग मागे खुर्च्यांवर बसेल. भगीरथ जमिनीवर न बसता उंच शिळेवर उभा राहील. धुके थोडेच आणि एकदाच सोडले जाईल. सभागृहाची दारे-खिडक्या उघड्या राहतील. कोरडा बर्फ हाताला लागला तर त्वचा जळल्यासारखी इजा होते, तेव्हा तो जाड हातमोजे व चिमटा घेऊन फक्त शिक्षकच हाताळतील. तो घट्ट झाकणाच्या डब्यात वा बाटलीत कधीही ठेवायचा नाही, आतला दाब वाढून डबा फुटतो. धुक्याने फरशी ओली होते, म्हणून दृश्य संपताच ती पुसली जाईल आणि मगच नृत्याच्या मुली येतील. पालकांना नम्र विनंती की, मुलांनी घरी हा प्रयोग करू नये.

कार्यक्रमाच्या दिवशी हे सारे मिळून दोनच मिनिटे दिसेल. झोळीची दोरी ओढणारी आणि फरशी पुसणारी मुले प्रेक्षकांना दिसणार नाहीत. म्हणून आम्ही ठरवले आहे की नाटिका संपल्यावर कलाकारांआधी पडद्यामागील मुलांना रंगमंचावर बोलवायचे. सरस्वतीबाई फाळके यांना जे मिळाले नाही, ते आपल्या मुलांना मिळावे. आपण सर्वांनी अगत्याने यावे आणि त्यांचे तोंडभरून कौतुक करावे, ही विनंती.

आपले स्नेहांकित,
मुख्याध्यापक