आचार्य धर्मानंद कोसंबी

उपासक-उपासिकांनो, वर्धापनदिनी आचार्यांची आठवण करू या.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी त्यांचा जन्म झाला. शाळा फारशी झाली नाही. ‘बालबोध’ मासिकातलं बुद्धचरित्र वाचलं नि मनाने ध्यास घेतला. १८९९ साली बायको नि तान्ही मुलगी मागे ठेवून ते निघाले. घरच्यांना त्याची झळ बसली, हेही विसरू नये. १९०२ साली श्रीलंकेत ते श्रामणेर झाले, पाली शिकले.

पण वाचलं ते सगळंच मानलं नाही. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही कथा त्यांनी पाली सुत्तांशी ताडून पाहिली आणि नाकारली. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी शाक्य-कोलियांच्या भांडणाकडे बोट दाखवलं. बाबासाहेबांच्या १९५७ च्या धम्मग्रंथातही गृहत्यागामागे रोहिणीच्या पाण्याचा तंटाच आहे.

परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला उपवास करीत देह ठेवला.

क्रांती चौकातल्या आपल्या लेकरांनी वंदना पाठ करावीच; पण आचार्यांसारखं तपासून घ्यायलाही शिकावं. तेच त्यांना खरं अभिवादन!