जॉर्ज सायमन ओहम

वापरलेला लाऊडस्पीकर विकत घेताना रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर आधी त्याला जोडलेल्या तारा सोडवतो आणि मागच्या दोन टोकांना मीटर लावतो. स्पीकरवर ८ ओहम असे छापलेले असते, मीटर मात्र साधारण ६ दाखवते. हा दोष नव्हे. ८ हा आकडा आवाजाच्या बदलत्या प्रवाहासाठी असतो आणि मीटर सेलचा एकदिश प्रवाह वापरते. काटा मुळीच हलला नाही, तर आतील कॉईलची तार तुटली आहे असे समजावे. तो शून्याजवळ गेला, तर कॉईल जळून तिचे वेढे एकमेकांना चिकटले असावेत.

मुलांनो, ज्यांच्या नावाने हा रोध मोजतात, ते ओहम एक शाळामास्तर होते.

त्यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. वडील कुलपे बनवीत. त्यांनी स्वतःच्या मेहनतीने गणित शिकून घेतले होते आणि तेच ते मुलांना शिकवीत. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई वारली. १८०५ साली तो विद्यापीठात गेला, पण तेथे नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावर घसरणे यांतच त्याचा वेळ जाऊ लागला. वडील संतापले. त्यांनी त्याला विद्यापीठातून काढून स्वित्झर्लंडला पाठवले. तेथे तो एका शाळेत गणित शिकवू लागला. वडिलांचा तो राग मला तरी योग्यच वाटतो! १८११ साली जॉर्जने एर्लांगेनला परत येऊन डॉक्टरेट मिळवली.

१८१७ पासून ओहम कोलोन शहरातील शाळेत शिकवू लागले. तेथील प्रयोगशाळेत त्यांनी तारांवर प्रयोग केले. त्या काळच्या सेलचा प्रवाह सतत कमीजास्त होई. त्यामुळे मापे चुकत. मग त्यांनी तांबे आणि बिस्मथ या धातूंचे सांधे घेतले. एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला, की प्रवाह स्थिर राही. सारख्या जाडीच्या, पण वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून ते चुंबकसूची किती वळते ते पाहत. तार जितकी लांब, तितका तिचा रोध जास्त आणि प्रवाह कमी, असे त्यांना आढळले.

१८२७ साली त्यांनी हे सारे पुस्तकरूपाने मांडले. या पुस्तकामुळे विद्यापीठात जागा मिळेल अशी त्यांना आशा होती. पण विद्वानांनी पुस्तकाची कदर केली नाही. निराश होऊन ओहम यांनी नोकरीच सोडली. पुढची काही वर्षे ओढाताणीची गेली. १८३३ साली न्यूरेंबर्गला त्यांना बरी नोकरी मिळाली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ले पदक दिले. म्यूनिक विद्यापीठात ते प्राध्यापक झाले, तेव्हा १८५२ साल उजाडले होते.

६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले. रोधाच्या एककाला त्यांचे नाव पॅरिसच्या विद्युत परिषदेत १८८१ साली देण्यात आले.