उजेडात उजेड मिसळला की अंधार होतो! लोकांनी हसण्यावारी नेलेले डॉक्टर थॉमस यंग

चाळिशी ओलांडली की मोबाईल हातभर लांब धरून मेसेज वाचावा लागतो. चष्म्याच्या चिठ्ठीवर 'सिलेंडर' नंबर लिहून येतो. मोबाईलच्या स्क्रीनवर पाण्याचा बारीक थेंब पडला की त्यात लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात. या तिन्ही गोष्टींची पाळंमुळं शोधत गेलं तर आपण एकाच माणसापाशी पोचतो. ते म्हणजे इंग्लंडचे डॉक्टर थॉमस यंग.

त्यांचा जन्म 13 जून 1773 चा, इंग्लंडच्या सॉमरसेट भागातल्या मिल्व्हर्टन या गावचा. दहा भावंडांत हा थोरला. दोन वर्षांचा असताना पोरगं वाचायला लागलं म्हणतात. चौदाव्या वर्षापर्यंत लॅटिन आणि ग्रीक पक्की झाली होती, शिवाय आणखी कितीतरी भाषांशी ओळख झालेली. लंडनला मोठे डॉक्टर असलेले आजोळकडचे नातेवाईक रिचर्ड ब्रॉकल्सबी यांच्या आधाराने यंग वैद्यकीच्या शिक्षणाला लागले.

बैलाचा डोळा आणि पहिला शोध

डोळ्याला लांबचं झाड दिसतं आणि लगेच हातातलं पुस्तकही दिसतं. हे जमतं कसं, यावर तेव्हा एकमत नव्हतं. कुणी म्हणे डोळा लांबट होतो, कुणी म्हणे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा बाक बदलतो. यंग यांनी बैलाचा डोळा कापून पाहिला आणि मांडलं, की डोळ्याच्या आतलं भिंग आपला आकार बदलतं. हा निबंध 1793 साली रॉयल सोसायटीसमोर वाचला गेला. पुढच्याच वर्षी, अवघ्या 21 व्या वर्षी, ते सोसायटीचे सभासद झाले.

पण त्यावर वाद झाला. मग यंग यांनी स्वतःच्याच डोळ्यावर प्रयोग केले. पाण्याने भरलेली, भिंग बसवलेली नळी डोळ्याला लावली. पाण्यात बाहेरच्या पडद्याचा बाक कामाचा राहत नाही. तरीही जवळचं-लांबचं दिसणं चालूच राहिलं, म्हणजे काम पडद्याचं नाही. डोळा लांबट होतो का, हे बघायला त्यांनी बुबुळाच्या गोळ्याला पुढून-मागून धातूच्या कड्या टेकवून पाहिल्या. मोतीबिंदू काढलेले लोकही तपासले. त्यांना भिंगच उरलेलं नसल्याने जवळ-लांब जुळवता येत नव्हतं. निकाल लागला. भिंग स्वतःच स्नायूचं बनलंय हे यंग यांचं म्हणणं मात्र पुढे चुकीचं ठरलं. ते काम भिंगाभोवतीचा स्नायू करतो. वय वाढलं की हे भिंग कडक होत जातं, म्हणून तर चाळिशी लागते.

याच तपासणीत त्यांना कळलं, की आपल्या डोळ्याची उभ्या आणि आडव्या दिशेची ताकद सारखी नाही. 1801 साली छापलेल्या निबंधात त्यांनी हा दोष मोजून दाखवला. आज 'सिलेंडर' नंबर लागतो तो याच दोषासाठी.

शेततळ्यात दोन दगड टाकून बघा

त्या काळी न्यूटन यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. प्रकाश म्हणजे बारीक कणांचा मारा, असं त्यांचं मत होतं. न्यूटन जाऊन 70 हून जास्त वर्षं झाली तरी इंग्लंडात त्याविरुद्ध बोलायची कुणाची छाती नव्हती.

यंग म्हणाले, प्रकाश ही लाट आहे. शेततळ्यात दोन दगड जवळजवळ टाकले तर दोन्हीकडून लाटा येऊन भिडतात. उंचवट्याला उंचवटा मिळाला तर पाणी जास्त उसळतं. उंचवट्याला खळगा मिळाला तर तिथलं पाणी जागच्या जागी शांत राहतं. प्रकाश लाट असेल तर त्याचंही असंच व्हायला हवं. म्हणजे काही ठिकाणी उजेडात उजेड मिसळून अंधार व्हायला हवा!

1803 साली त्यांनी ते करून दाखवलं. खोलीच्या खिडकीला जाड कागद लावला, त्याला सुईने भोक पाडलं आणि बाहेर आरसा ठेवून उन्हाची बारीक तिरीप आत घेतली. त्या तिरिपेत एक मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी धरली. प्रकाश दोन्ही बाजूंनी गेला आणि पट्टीच्या सावलीत उजेड-अंधाराचे पट्टे उमटले. एका बाजूचा प्रकाश अडवला की आतले पट्टे गायब! कणांच्या हिशोबात हे बसत नव्हतं. यंग यांनी लाटांची लांबीही काढली. लाल रंगाची इंचाच्या सुमारे 36 हजाराव्या भागाएवढी, तर जांभळ्याची 60 हजाराव्या. आजच्या मोजमापाशी हे आकडे जवळपास जुळतात. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यावर डिझेल सांडलं की जे रंग दिसतात, ते याच लाटांच्या मिसळण्याने.

तीनच रंग पुरे

डोळ्यात प्रत्येक रंगासाठी वेगळी व्यवस्था असणं शक्य नाही, तीन प्रकारची पुरे, बाकीचे रंग त्यांच्या मिश्रणातून दिसतात, असंही त्यांनी मांडलं. हा त्यांचा अंदाज होता, पुरावा हाती नव्हता. पन्नासेक वर्षांनी जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी तो पुढे नेला. डोळ्यात खरोखरच रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी निघाल्या. मोबाईल आणि टीव्ही तीनच रंगांत सगळं जग दाखवतात, ते त्यामुळेच.

टीका झाली, ऐकणारं कुणी नाही

शाबासकी मिळणं लांबच राहिलं. एडिनबर्गच्या एका नामांकित नियतकालिकात निनावी लेख आले आणि यंग यांची रेवडी उडवली गेली. लिहिणारे होते हेन्री ब्रूम, पुढे इंग्लंडच्या बड्या पदावर गेलेले वकील. यंग यांनी पुस्तिका छापून उत्तर दिलं. तिची एकच प्रत खपली म्हणतात.

त्यात रॉयल इन्स्टिट्यूशनमधली त्यांची व्याख्यानंही सामान्य श्रोत्यांना जड जायची. ती नोकरी त्यांनी 1803 मध्ये सोडली. डॉक्टरचं लक्ष रोग्यात नाही असं लोकांना वाटू नये म्हणून बरंचसं इतर लिखाण नाव न घालता छापलं. 1811 पासून शेवटपर्यंत ते लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलात डॉक्टर होते. इजिप्तच्या रोझेटा शिळेवरची जुनी लिपी उलगडण्यातही त्यांनी महत्त्वाची वाट दाखवली. ती पूर्ण उलगडली फ्रान्सच्या शांपोल्यों यांनी, 1822 मध्ये.

शेवटी न्याय मिळाला तोही फ्रान्समधून. तिथल्या फ्रेनेल यांनी 1815 पासून स्वतंत्रपणे काम करून लाटांचं गणित पक्कं केलं आणि आपल्या आधी यंग यांनी हे मांडलं होतं, हे मान्य केलं. 1827 साली फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने यंग यांना परदेशी सभासद करून घेतलं.

10 मे 1829 रोजी, वयाच्या 55 व्या वर्षी ते गेले. अंथरुणाला खिळलेले असतानाही इजिप्तच्या जुन्या भाषेच्या शब्दकोशाचं काम चालूच होतं. पुढे विसाव्या शतकात प्रकाश लाटेसारखा आणि कणांसारखाही वागतो, असं दिसून आलं. पण यंग यांचा पट्ट्यांचा प्रयोग खोटा ठरला नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोरं आजही तो करून बघतात.