पुलंच्या आवाजातील बेळगाव

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. नाटक, चित्रपट, संगीत, आकाशवाणी अशी अनेक क्षेत्रे त्यांनी गाजविली. परंतु सीमाभागाशी त्यांचे नाते जुळले ते शिक्षक म्हणून. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात ते काही काळ मराठी शिकवीत होते. या गावाने त्यांना कृष्णराव हरिहर यांच्यासारखा जिवलग मित्र दिला. ‘गणगोत’मधील ‘रावसाहेब’ हे त्यांचेच शब्दचित्र.

१९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर आली. रिकाम्या मंचावर एकटा माणूस अख्खी चाळ उभी करतो, हे प्रेक्षकांनी अनुभवले. पुढे त्यांचे कथाकथन ध्वनिफितींवर आले आणि घरोघरी पोहोचले. एका पिढीचे तारुण्य त्या फिती पुन्हापुन्हा ऐकण्यात गेले.

त्याच आवाजातून रावसाहेबांची कानडी वळणाची, शिव्यांनी सजलेली, रांगडी मराठी महाराष्ट्रभर पोहोचली. अशुद्ध म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या बोलीची पुलंनी टवाळी केली नाही. तिच्यातील माया ऐकवली. म्हणूनच श्रोता पोट धरून हसतो आणि अखेरीस रावसाहेबांच्या जाण्याने त्याचे डोळे पाणावतात.

१२ जून २००० रोजी पुण्यात पुलंचे निधन झाले. फिती वाजविणारी यंत्रे अडगळीत गेली. त्या आवाजात मात्र जुने बेळगाव आजही दिलखुलास बोलते आहे.