आधी खेडे, मग शहर

डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव आपल्याकडे अग्निबाणांशी जोडले गेले आहे. दूरचित्रवाणीविषयी त्यांनी केलेला विचार तितकाच मोलाचा होता, आणि तो मुळात अर्थशास्त्राचा होता, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही.

१२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादच्या एका सधन गिरणीमालक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. केंब्रिजचे शिक्षण, बंगलोरला रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचा अभ्यास आणि १९४७ मध्ये अहमदाबादेत भौतिकी प्रयोगशाळेची स्थापना, असा हा प्रवास. १९६३ मध्ये थुंबा येथून पहिला अग्निबाण झेपावला. दरिद्री देशाला हा खटाटोप परवडतो काय, या शंकेला साराभाईंनी खेड्याकडे बोट दाखवून उत्तर दिले.

दूरचित्रवाणी शहरांपुरती राहिली, तर ती संपन्नांची करमणूक होईल, शहराची ओढ वाढेल व खेडे अधिकच मागे पडेल, अशी त्यांची मांडणी होती. मनोऱ्यांचे जाळे शहराशहरातून हळूहळू पसरते. उपग्रहाचे प्रक्षेपण दुर्गम खेड्यालाही त्याच क्षणी गाठते. म्हणून आरंभ खेड्यापासून व्हावा आणि संच गावाच्या सामाईक जागी असावा, असा त्यांचा आग्रह. १९६७ मध्ये दिल्लीजवळच्या ८० खेड्यांत शेतीविषयक कार्यक्रमांचा प्रयोग झाला. १९६९ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’शी उपग्रहाचा करार झाला. मात्र त्याचे फळ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ३० डिसेंबर १९७१ रोजी, अवघ्या ५२ व्या वर्षी, कोवळम येथे त्यांचे निधन झाले.

१ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांनी शेती, आरोग्य व शिक्षणाचे कार्यक्रम सामाईक संचांवर पाहिले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. मुंबईला मात्र १९७२ पासूनच स्वतःचे केंद्र होते. मुदत संपताच अमेरिकेने उपग्रह हलविला. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले, पाठोपाठ प्रायोजित मालिका आल्या, १९९१ नंतर परकीय वाहिन्या आल्या. खर्च जाहिरातदार करू लागला, आणि जाहिरातदाराला नागरिकापेक्षा गिऱ्हाईक हवे असते. ज्याच्या हाती क्रयशक्ती नाही, त्याची गरज कार्यक्रमपत्रिकेतून आपोआप गळाली.

आज उपग्रह आपले आहेत आणि खेड्यातील तरुणाच्या हातात मोबाइलचा पडदा आहे. पोहोचण्याचा प्रश्न बराचसा सुटला आहे. परंतु त्या पडद्यावर काय यावे हे कोणी ठरवायचे आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, हा साराभाईंचा खरा प्रश्न होता. तो बाजारावर सोपवून आपण मोकळे झालो आहोत. त्याचे मोल खेडे आजही चुकवीत आहे.