शर्यतीची गाडी आणि हेन्री फोर्ड

हेन्री फोर्ड हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी अर्थशास्त्राच्या तासाला ऐकलेले असते. मोठ्या प्रमाणावरील उत्पादन, श्रमविभागणी, पाच डॉलर रोज, एवढे मुद्दे लिहिले की उत्तर पूर्ण झाले. परंतु हा गृहस्थ कारखानदार म्हणून नावारूपाला येण्याआधी शर्यतीच्या गाड्या बांधत होता, ही गोष्ट आपल्या नोट्समध्ये नसते. मला तर त्याच्या आयुष्याचा तोच भाग सर्वांत वाचनीय वाटला. त्याला कारण आमचे घर.

आम्ही सीवूड्सला राहतो. माझे वडील मोटार मेकॅनिक आहेत आणि आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. गेल्या काही वर्षांत लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर मोटारींच्या सरळ शर्यती झाल्या आहेत. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. वळण नाही, चढ नाही. दिवा हिरवा झाला की सुटायचे. रोज ऑफिसला नेण्याची गाडीच काही हौशी मंडळी तेथे घेऊन जातात, आणि त्याआधी ती गॅरेजमध्ये येते. मग मागची सीट, स्टेपनी, जॅक, डिकीतले सगळे सामान बाहेर निघते, कारण वजन जितके कमी तितकी गाडी हलकी सुटते. प्लग नवे, एअर फिल्टर नवा, ऑइल बदललेले. ब्रेक दोनदा तपासायचे. टायरची हवा बेताची ठेवायची, चाकांचे नट शेवटी पुन्हा एकदा आवळायचे, आणि टाकीत पेट्रोल लागेल तेवढेच. हे सारे लहानपणापासून पाहिलेले असल्यामुळे ग्रंथालयात फोर्डचे चरित्र हाती आले, तेव्हा मी आधी शर्यतीची पाने काढून वाचली.

फोर्डचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डिअरबॉर्नजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी झाला. तेरा वर्षांचा होण्याआधीच आई वारली. शेतीत त्याचे मन रमत नसे. शेजाऱ्यांची घड्याळे उघडून दुरुस्त करणे हा त्याचा छंद. त्याच सुमारास, १८७६ साली, रस्त्याने स्वतःच्या बळावर चालणारे वाफेचे इंजिन त्याने पाहिले आणि ते त्याच्या डोक्यातून कधी गेले नाही. सोळाव्या वर्षी तो डेट्रॉइटला जाऊन एका कारखान्यात उमेदवारी करू लागला.

मुलगा शेतावर परतावा अशी वडिलांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी त्याला ८० एकरांचा झाडीचा तुकडा देऊ केला. फोर्डने तो घेतला, १८८८ साली क्लारा ब्रायंटशी लग्न केले, झाडे तोडून लाकूड विकले, आणि लाकूड संपत आल्यावर १८९१ साली पुन्हा डेट्रॉइट गाठले! आता तो एडिसन कंपनीच्या वीजकेंद्रात इंजिनिअर होता. इंजिनिअर म्हणजे पदवीधर नव्हे. शाळा त्याने खेड्यातच सोडली होती. बापाचे शेत सोडणारा मुलगा बापाला कसा वाटला असेल, हा विचार हे वाचताना माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही. गॅरेजमध्ये मी पाने हातात देते, पण आमच्या घरातली ती विद्या माझ्यापर्यंत येऊन थांबणार हे वडिलांना आणि मला दोघांनाही माहीत आहे. असो.

१८९३ च्या नाताळच्या आदल्या रात्री फोर्डने घरी बनवलेले पहिले छोटे इंजिन स्वयंपाकघरातील मोरीच्या कडेला बसवून चालू केले. क्लारा सणाच्या स्वयंपाकात होती. तरी तिने हातातले काम ठेवून इंजिनात थेंब थेंब पेट्रोल सोडले. इंजिन धडधडले, ज्वाळा निघाल्या, मोरी हादरली. चरित्रकार हा प्रसंग फोर्डच्या नावावर मांडतात. माझ्या मते त्यातला निम्मा क्लाराचा आहे. पुढे ४ जून १८९६ च्या पहाटे त्याची चार सायकलचाकांची गाडी तयार झाली तेव्हा लक्षात आले की शेडचे दार गाडीपेक्षा अरुंद आहे. त्याने कुऱ्हाड घेतली आणि भिंतीच्या विटा पाडून गाडी बाहेर काढली.

यानंतरचा काळ मात्र अपयशाचा. १८९९ मध्ये भांडवलदारांच्या मदतीने काढलेली डेट्रॉइट ऑटोमोबाइल कंपनी १९०१ च्या आरंभीच बुडाली. गाड्या नीट बनत नव्हत्या, बनल्या त्या खपत नव्हत्या. वय अडतीस, पदरात लहान मुलगा, हाताशी पैसा नाही, आणि बुडालेल्या कंपनीच्या माणसाला पुन्हा पैसे कोण देणार? तेव्हा फोर्डने शर्यतीत उतरायचे ठरवले. वेगाची हौस हे त्याचे मुख्य कारण नव्हते. त्या दिवसांत मोटार विकत घेणारे श्रीमंत लोक शर्यती पाहायला येत, वर्तमानपत्रे त्यांची वर्णने छापत. जाहिरातीला पैसे नसलेल्या माणसाला एवढी एकच वाट होती.

१० ऑक्टोबर १९०१. स्थळ डेट्रॉइटजवळील ग्रोस पॉइंटचे घोड्यांच्या शर्यतीचे मातीचे मैदान. समोर अलेक्झांडर विंटन, त्या काळचा नामवंत मोटार उत्पादक आणि शर्यतपटू. बक्षिसात एक हजार डॉलर आणि काचेचे एक मोठे नक्षीदार भांडे. असे म्हणतात की ते भांडे विंटनच्याच माणसाने निवडले होते, कारण ते विंटनच्याच घरी जाणार याची खात्री होती! फोर्डने याआधी एकही शर्यत केलेली नव्हती.

आता त्याची गाडी पाहा. ‘स्वीपस्टेक्स’ या नावाने ती पुढे ओळखली गेली. दोन सिलिंडर, २६ अश्वशक्ती. विंटनच्या गाडीची ताकद याहून बरीच जास्त. तेव्हा जोरावर जिंकणे शक्य नाही हे फोर्डला ठाऊक होते. त्याने गाडी हलकी ठेवली. शोभेचे काही नाही, एक सांगाडा, त्यावर इंजिन आणि बसायला जागा. इंजिन न चुकता पेटत राहावे याकडे सगळे लक्ष. विजेची ठिणगी भलतीकडे उडू नये म्हणून लागणारे चिनी मातीचे आवरण त्याच्या सहकाऱ्याने चक्क एका दंतवैद्याकडून करवून घेतले. दातांच्या कवळ्या करणाऱ्या माणसाला अशी मापाची बारीक वस्तू जमणारच. नसलेला सुटा भाग ज्याच्याकडून होईल त्याच्याकडून करवून घेण्याची ही युक्ती आमच्या वडिलांना फारच आवडली.

शर्यत पंचवीस मैलांची ठरली होती, पण आधीचे कार्यक्रम लांबल्याने दहा मैलांवर आणली गेली. तिसरा स्पर्धक ऐन वेळी गळाला आणि उरले दोघेच. विंटन सुरुवातीलाच पुढे गेला. वळणावर गाडी कशी घ्यावी हे त्याला येत होते, फोर्डला येत नव्हते. फोर्डचा मदतनीस एड हफ, ज्याला सगळे ‘स्पायडर’ म्हणत, गाडीच्या पायरीवर उभा राहून प्रत्येक वळणाला आपले अंग आतल्या बाजूला झोकून देत होता, म्हणजे गाडी उलटू नये. सातव्या-आठव्या मैलाला विंटनच्या गाडीतून धूर येऊ लागला. बेअरिंगे तापली होती. त्याचा माणूस धावत्या गाडीत वाकून वाकून तेल ओतत होता, पण एकदा तापलेले बेअरिंग असे तेल ओतून थंड होत नाही, हे कोणत्याही गॅरेजमधला पोऱ्या सांगेल. फोर्ड पुढे गेला आणि जिंकला. वेळ तेरा मिनिटे आणि काही सेकंद. मोठे इंजिन हरले, टिकलेले इंजिन जिंकले.

महिन्या-दीड महिन्यात त्याच्या नावाची नवी कंपनी निघाली. पण त्याला अजून शर्यतीच्याच गाड्या करायच्या होत्या आणि भागीदारांना विकाऊ गाडी हवी होती. मार्च १९०२ मध्ये तो ९०० डॉलर घेऊन बाहेर पडला. मागे राहिलेल्या त्या कंपनीची पुढे कॅडिलॅक झाली.

मग त्याने सायकलपटू टॉम कूपरच्या साथीने दोन राक्षसी गाड्या बांधल्या. एक ‘ॲरो’ आणि दुसरी ‘९९९’, हे नाव त्या वेळच्या एका प्रसिद्ध रेल्वे इंजिनाचे. चार सिलिंडर मिळून जवळजवळ १९ लिटर क्षमता. आपल्या मारुती ८०० चे इंजिन एका लिटरहूनही लहान होते, यावरून कल्पना करावी. गाडीला बॉनेट नाही, डिफरन्शियल नाही, स्टिअरिंगऐवजी सायकलसारखा दांडा. उघडे इंजिन चालवणाऱ्यावर तेल उडवी. ही गाडी शर्यतीत चालवण्याचे धाडस खुद्द तिच्या कर्त्यांना होईना. शेवटी बार्नी ओल्डफील्ड नावाच्या सायकलपटूला बसवले. त्याला मोटार चालवता येत नव्हती. काही दिवसांत शिकवली. २५ ऑक्टोबर १९०२ रोजी त्याने पाच मैलांत विंटनसह सर्वांना मागे टाकले. ॲरोचे नशीब वेगळे निघाले. सप्टेंबर १९०३ मध्ये ती उलटून तिचा चालक फ्रँक डे ठार झाला. फोर्डच्या चरित्रांत या माणसाला जेमतेम एक ओळ मिळते.

१६ जून १९०३ रोजी आजची फोर्ड मोटर कंपनी स्थापन झाली. तिची नवी, महागडी मॉडेल बी गाडी लोकांच्या डोळ्यांत भरावी म्हणून फोर्डने शेवटचा डाव टाकला. तुटलेली ॲरो दुरुस्त करून तो तिला ९९९ या नावाने सेंट क्लेअरच्या गोठलेल्या सरोवरावर घेऊन गेला. १२ जानेवारी १९०४. बर्फावर कोळशाची राख पसरून सरळ पट्टा आखलेला. फोर्ड दांडा धरून, आणि तोच स्पायडर हफ खाली वाकून थ्रॉटल सांभाळीत. बर्फाला भेगा होत्या; प्रत्येक भेगेवर गाडी हवेत उडे आणि तिरपी पडे. मैल ३९.४ सेकंदांत पार झाला, म्हणजे ताशी १४७ किलोमीटर. एवढा वेग तोवर कोणाच्याच मोटारीने गाठल्याची नोंद नव्हती. महिना संपायच्या आत विल्यम व्हँडरबिल्टने फ्लोरिडात तो मागे टाकला, पण फोर्डचे काम झाले होते.

आमच्या घराजवळून पाम बीच रोड जातो. मध्यरात्रीनंतर तेथून येणारे आवाज ऐकू आले की वडील उठून खिडकी लावतात. रस्त्यावरच्या शर्यतीसाठी ते गाडी तयार करून देत नाहीत, पैसे कितीही देऊ केले तरी. कारण विचारले तर ते एवढेच सांगतात की धावपट्टीवर समोरून रिक्षा येत नाही. गंमत म्हणजे फोर्डच्या चरित्रातही एक पाम बीच आहे, फ्लोरिडातले. तेथे १९०५ साली शर्यतीत मोडलेल्या एका फ्रेंच गाडीचा व्हॉल्व्हचा तुकडा आपण उचलला, तो फार हलका आणि चिवट लागला, आणि त्यातून आपल्याला व्हॅनेडियम पोलादाचा शोध लागला, अशी हकीकत त्याने आत्मचरित्रात दिली आहे. ती जशीच्या तशी खरी असो वा नसो, १ ऑक्टोबर १९०८ ला बाजारात आलेल्या मॉडेल टी गाडीत ते पोलाद होते.

पुढचे सर्वांना माहीत आहे. ८५० डॉलरची गाडी १९२५ च्या सुमारास २६० डॉलरला मिळू लागली. १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या निघाल्या. १९१३ मध्ये हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकती साखळी आली आणि साडेबारा तासांत जोडला जाणारा सांगाडा दीड तासात जोडला जाऊ लागला. पण माणसे टिकेनात. १४,००० जागा भरलेल्या ठेवायला वर्षाला ५२,००० माणसे घ्यावी लागत. जानेवारी १९१४ मधला पाच डॉलर रोज हा त्यावरचा उपाय होता, निव्वळ औदार्य नव्हे. दिवसभर एकच नट आवळायचा, दुसऱ्याने बोल्ट घालायचा. ज्याने दंतवैद्याकडून भाग करवून घेतला त्याच माणसाने ही व्यवस्था उभारली, हे मला पटवून घ्यायला जड जाते. माझे वडील इंजिनाच्या आवाजावरून कोणता व्हॉल्व्ह बिघडला ते ओळखतात. त्या साखळीवर त्यांच्या या कानाची किंमत शून्य झाली असती.

उतारवयातला फोर्ड तर मला मुळीच आवडत नाही. १९२० पासून त्याच्या मालकीच्या साप्ताहिकात ज्यूंविरुद्ध विखारी लेख येत राहिले; १९२७ मध्ये त्याने माफी मागितली, पण १९३८ साली नाझी जर्मनीचे पदक स्वीकारले. २६ मे १९३७ रोजी त्याच्या कंपनीच्या माणसांनी कामगार संघटनेच्या कार्यकर्त्यांना भर दिवसा मारहाण केली. संघटनेला मान्यता मिळाली ती १९४१ मध्ये. त्याच वर्षी त्याने गांधीजींना आदराचे पत्र लिहिले आणि तेव्हा सेवाग्रामला राहणाऱ्या गांधीजींनी आपला सही केलेला चरखा त्याला पाठवला. सरकत्या साखळीचा जनक चरखा हाती घेऊन काय विचार करीत असेल, कोणास ठाऊक! त्याच्या कंपनीच्या गाड्या आपल्या मुंबईतही जोडल्या जात होत्या.

७ एप्रिल १९४७ च्या रात्री, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी तो वारला. पुरामुळे घराची वीज गेली होती. मेणबत्त्या आणि रॉकेलचे दिवे लावलेले होते आणि क्लारा जवळ होती.

त्याने १९३२ साली काढलेली स्वस्त व्ही-८ गाडी जुनी होऊन मोडीच्या भावात मिळू लागली, तेव्हा कॅलिफोर्नियातील तरुण तिचे मडगार्ड काढीत, इंजिनात फेरफार करीत आणि कोरड्या तलावांच्या तळावर पळवीत. १९५० मध्ये तेथल्याच सांता आना विमानतळावर धावपट्टीवरच्या अशा शर्यती रीतसर सुरू झाल्या. स्वीपस्टेक्स आणि ९९९ आज डिअरबॉर्नच्या संग्रहालयात आहेत. मी वडिलांना स्वीपस्टेक्सचे छायाचित्र दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले आणि आधी विचारले की हिला ब्रेक कुठे आहे.