अहिल्याबाई होळकर : काठ सांभाळणारा कारभार

वाराणसीत शीतला घाट आणि मुन्शी घाट यांच्या मध्ये अहिल्याबाई घाटाच्या दगडी पायऱ्या गंगेत उतरतात. पावसाळ्यात त्या पाण्याखाली जातात. पूर ओसरल्यावर गाळ उपसावा लागतो. तोवर नावाडी, पुरोहित आणि फुलविक्रेते यांची कमाई नदीच्या मर्जीवर असते. हा घाट बांधविणाऱ्या अहिल्याबाईंचे अवघे राज्यही अशाच एका नदीच्या काठी उभे होते.

३१ मे १७२५ रोजी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी येथे माणकोजी शिंदे यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पडले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये निवर्तले आणि पुढच्याच वर्षी पुत्र मालेरावही गेला. फौजेची धुरा तुकोजी होळकरांकडे सोपवून अहिल्याबाईंनी नर्मदातीरी महेश्वर येथून माळव्याचा कारभार सुरू केला.

माळव्याची काळी जमीन हेच दौलतीचे खरे भांडवल. फौजा पोसण्यासाठी रयतेला पिळण्याच्या त्या काळात बाईंनी सारा बेताचा ठेवला आणि गावच्या वतनदारांचे हक्क राखले. नागवलेला शेतकरी गाव सोडतो आणि शेत पडीक राहते, हे हिशेबाचे सत्य त्यांना उमगले होते.

डोंगरी मुलखात प्रश्न निराळा होता. तेथील भिल्ल वाटसरूंकडून ‘भिलकवडी’ नावाचा कर घेत. बाईंनी दंडाचा धाक घातला खरा, परंतु कर मोडून काढला नाही. तो मान्य करून वाटेच्या रक्षणाची जबाबदारी भिल्लांवर टाकली आणि त्यांना पडीक जमिनी कसण्यास प्रवृत्त केले. महेश्वरात त्यांनी विणकरांना आश्रय दिला. महेश्वरी साडी हे त्याचेच फळ.

महेश्वर परिसरात भर उन्हात नांगराचे बैल थांबवून बाईंचे सेवक त्यांना पाणी पाजत. पाखरे पिकावर बसली की शेतकरी त्यांना हाकलणार, त्याचे पोटच त्यावर. म्हणून पाखरांसाठी त्यांनी शेते विकत घेतली होती. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माळव्याच्या इतिहासात ही नोंद आहे. शेतकऱ्याचा तोटा न करता पाखरे जगविण्याची ही रीत भाबड्या दयेहून शहाणी म्हणावी लागेल.

घाट, विहिरी आणि धर्मशाळांचा खर्च त्यांनी खासगीच्या उत्पन्नातून केला. काशी विश्वनाथाचे मंदिर १७८० च्या सुमारास पुन्हा उभे राहिले. घाटांमुळे उंच काठाची धूप रोखली गेली आणि यात्रेकरूंवर जगणाऱ्या व्यवसायांना पक्का आधार मिळाला.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांचे निधन झाले. काशीचा काठ त्यांच्या पायऱ्यांनी धरून ठेवला. वाढत्या शहराचे सांडपाणी मात्र त्याच पाण्यात उतरत राहिले. गंगा शुद्धीकरणाची पहिली मोठी सरकारी योजना जून १९८६ मध्ये वाराणसीतूनच सुरू झाली आणि २०१४ मध्ये ‘नमामि गंगे’ची घोषणा झाली.